पापी संपला का, आणि उद्या पिचर कोण?

२००९च्या एप्रिलमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे बॉस्टनला आले. आईला आठवड्याभरात इंडियन ग्रोसरीचे सगळे कप्पे पाठ झाले. बाबांचं मात्र अवघड होतं. क्रिकेट बघायला वेगळे पैसे भरावे लागतात म्हटल्यावर त्यांनी स्वतःच "नको" म्हटलं, आणि टीव्हीवर रोज संध्याकाळी फुकटात जे दिसत होतं ते बघायला बसले. ते होतं बॉस्टन रेड सॉक्सचं बेसबॉल. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिला प्रश्न आला, "अरे, हा जाडा फिल्डिंगला का येत नाही?"

हा जाडा म्हणजे डेव्हिड ऑर्टिझ. डॉमिनिकन रिपब्लिकचा, सहा फूट तीन इंच, सगळं शहर ज्याला 'बिग पापी' म्हणायचं तो. त्या उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये दोनच वाद चालू होते. पापी संपला का, आणि रेड सॉक्सचं पिचिंग रोटेशन नेमकं कोणाचं असावं. बसमध्ये, ऑफिसात, न्हाव्याकडे, सगळीकडे तेच. बाबांना दोन्ही वाद समजावता समजावता मलाच ते नीट समजले. क्रिकेट कळणाऱ्या कोणालाही ते तासाभरात कळतील, म्हणून हा लेख.

आधी त्या जाड्याचं. क्रिकेटमध्ये अकराच्या अकरा जणांना बॅटिंग करावी लागते, मग तो बुमरा का असेना. बेसबॉलमध्ये पिचरची बॅटिंग म्हणजे जवळजवळ फुकट गेलेली पाळी. म्हणून बॉस्टन ज्या लीगमध्ये खेळतं त्या अमेरिकन लीगने १९७३ साली नियम केला की पिचरच्या जागी दुसऱ्याच एकाने बॅटिंग केली तरी चालेल. त्याला म्हणतात डेझिग्नेटेड हिटर, डीएच. त्याने फिल्डिंग करायची नाही. सामना तीन तास चालला तर त्यातला बहुतेक वेळ त्याने आत बाकावर बसायचं आणि चार-पाच वेळा बाहेर येऊन चेंडू हाणायचा. ऑर्टिझ हेच काम करायचा, आणि २००६ साली त्याने ते असं केलं की ५४ होम रन (आपल्या षटकारासारखे, थेट मैदानाबाहेर) झाले. तो आजही रेड सॉक्सचा एका हंगामातला विक्रम आहे.

पण या नोकरीची दुसरी बाजू बाबांच्या लगेच लक्षात आली. "म्हणजे मारत नसेल तर याचा उपयोग काय?" काहीच नाही. विकेटकीपरचा बॅटिंगचा सूर हरवला तरी तो झेल घेतो, यष्टी उडवतो. डीएचचा हात आखडला की तो फक्त जागा अडवतो. इतर कुणाही बॅटरपेक्षा ऑर्टिझवरचा वाद जास्त तापला त्याचं कारण हेच.

१४ मे, गुरुवार. सामना कॅलिफोर्नियात, अनाहाइमला, एंजल्सशी. तिथे दुपार, आमच्याकडे संध्याकाळ. मी ऑफिसातून घरी आलो तेव्हा बाबा सोफ्याच्या अगदी काठावर बसले होते. ऑर्टिझ आला, गेला. पुन्हा आला, गेला. बरोबरी झाली म्हणून सामना नवाऐवजी बारा इनिंग (दोन्ही संघांची एकेकदा बॅटिंग झाली की एक इनिंग) लांबला आणि त्याला सात वेळा संधी मिळाली. सातही वेळा बाद. पण नुसत्या त्या शून्याने चित्र पुरं होत नाही. बेसबॉलमध्ये आधीचे बॅटर मैदानातल्या बेसवर येऊन थांबलेले असतात, आणि पुढच्याने फटका मारला की ते धावत घरी येतात, म्हणजे रन होतो. त्या दिवशी ऑर्टिझने असे १२ जण बेसवर ताटकळत ठेवले. रेड सॉक्स ५-४ असे हरले. एका रनाने! बाबा उठले, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "याला आता घरी बसवा."

मॅनेजर टेरी फ्रँकोनालाही साधारण तेच वाटलं असावं, कारण पुढच्या सिॲटलच्या तिन्ही सामन्यांत ऑर्टिझ बाकावर होता.

आता आकडे. बॅटिंगची सरासरी बेसबॉलमध्ये आपल्यासारखी नसते. शंभर संधींत किती वेळा फटका यशस्वी झाला, एवढंच मोजतात, आणि ते दशांशात लिहितात. ०.३०० म्हणजे दहात तीनदा यश, आणि तो माणूस उत्तम बॅटर. दहात सात वेळा अपयशी ठरूनही उत्तम! शेवटचा ०.४००च्या वर गेला तो टेड विल्यम्स, १९४१ साली, ०.४०६, तोही याच रेड सॉक्सचा. चेंडू साडेअठरा मीटरांवरून ताशी दीडशे किलोमीटरने येतो, टप्पा पडत नाही, आणि हातात सेकंदाचे जेमतेम चार दशांश असतात. बॅट आपल्यासारखी सपाट नाही, मुसळासारखी गोल. शिवाय चेंडू समोरच्या नव्वद अंशांतच मारायचा. मागे गेला तर धरत नाहीत. लेग ग्लान्स, लेट कट विसरा.

ऑर्टिझची २००७ची सरासरी होती ०.३३२. २००८ मध्ये डाव्या मनगटाच्या स्नायुबंधाचं आवरण फाटलं, तो दीड-दोन महिने बाहेर राहिला आणि सरासरी ०.२६४ वर आली. आणि २००९चा मे संपला तेव्हा ती होती ०.१८५. होम रन एक. फक्त एक. वय ३३.

या आकड्यांपुढे काय म्हणणार? पण इथेच थोडं थांबायला हवं. मे अखेरीपर्यंत त्याच्या संधी झाल्या होत्या साधारण पावणेदोनशे. समजा, एका माठात शंभर गोट्या आहेत, त्यातल्या २६ लाल. डोळे मिटून एक काढायची, बघायची, परत टाकायची, माठ हलवायचा. असं पावणेदोनशे वेळा. लाल गोट्या किती निघतील? सरासरीने ४६. पण दर वेळी ४६च निघणार नाहीत. कधी ५२, कधी ४०. आणि माठ तोच, लाल गोट्या तेवढ्याच, तरी साधारण सत्तर माणसांत एखाद्याच्या हाती ३३ किंवा त्याहून कमी लागतील. ऑर्टिझच्या हाती ३३च्या आसपासच लागल्या होत्या.

सत्तरात एक म्हणजे दुर्मीळ वाटतं. पण तीस संघ आहेत, प्रत्येकात आठ-नऊ नियमित बॅटर, म्हणजे अडीचशेच्या आसपास माणसं. दर वर्षी मे अखेरीस त्यातले तीन-चार जण काहीही न बिघडता, निव्वळ गोट्यांच्या खेळात, 'संपलेले' दिसणार. आणि लोक त्यांच्याबद्दलच बोलणार, कारण बाकीच्या अडीचशेंबद्दल बोलण्यासारखं काय असतं?

रसेल कार्लटन नावाच्या बेसबॉल-अभ्यासकाने हे पद्धतशीर मोजलं. प्रश्न असा की कोणता आकडा किती संधींनंतर निम्मा तरी खरा मानावा? स्ट्राइकआउट, म्हणजे तीन वेळा चुकून बाद होण्याचं प्रमाण, ६० खेळ्यांतच (बॅटर एकदा बॅटिंगला आला की एक खेळी) बऱ्यापैकी कळतं. होम रनचं प्रमाण १७० खेळ्यांत. आणि सरासरी, जिच्यावरून अख्खं शहर भांडत होतं, ती कळायला लागतात ९१० संधी. दीड हंगाम! म्हणजे टीव्हीवर बॅटर आला की पहिला जो आकडा झळकतो, तोच सगळ्यात उशिरा भरवशाचा होतो.

मी हा गोट्यांचा हिशेब बाबांना रविवारी नाश्त्याला, पोह्यांवरचे शेंगदाणे गोट्या मानून, समजावलं. बाबा बँकेत चाळीस वर्षं काढलेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्याच्या होम रनचं सांग."

पकडलं त्यांनी मला. कारण होम रनचा हिशेब या गोट्यांत बसत नाही. जखमी मनगटाच्या २००८ मध्येही ऑर्टिझ दर अठराएक संधींना एक होम रन मारत होता. त्या हिशेबाने पावणेदोनशेत नऊ-दहा व्हायला हवे होते. झाला एक. हे नुसत्या दुर्दैवाने होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. म्हणजे सरासरी ढासळण्यात नशिबाचा हात असेलही, पण ताकद गेली होती ती खरोखरच गेली होती. बॅट उशिरा येत होती, आतल्या बाजूचे वेगवान चेंडू त्याला गुंतवत होते. डोळ्यांना दिसत होतं ते खोटं नव्हतं.

तर मग वाद कसला? वाद हा की ताकद गेली ती परत येणार की नाही. आणि हे कोणत्याच आकड्यातून कळत नाही. आकडा एवढंच सांगतो की काहीतरी बिघडलंय. मनगट अजून बरं होतंय, की तेहतिशीतलं शरीर थकलं, की आदल्या जुलैत मॅनी रामिरेझला दुसऱ्या संघाला दिल्यापासून मागे धाक घालणारा बॅटर उरला नाही, हे ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवायचं. (त्या शेवटच्या कारणावर चाहत्यांचा फार जीव. मागे भारी बॅटर उभा असेल तर पुढच्याला चांगले चेंडू मिळतात, असा समज आहे. ज्यांनी मोजून बघितलं त्यांना त्यात फारसं काही सापडलेलं नाही. पण हे रेड सॉक्सच्या चाहत्याला त्याच्या तोंडावर सांगू नये.)

२० मे, रेड सॉक्सचं घरचं मैदान फेनवे पार्क, समोर टोरांटो. दीडशेच्या घरात संधी वाया गेल्यानंतर ऑर्टिझने ब्रेट सेसिलचा चेंडू थेट मधल्या मैदानावरून बाहेर घालवला. पहिला होम रन. आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली, एवढा टीव्ही गर्जत होता. लोक उभे राहिले ते बसेनात. शेवटी ऑर्टिझला आतून परत पायरीवर यावं लागलं, हेल्मेट उंचावावं लागलं, मग कुठे खेळ पुढे सरकला. हंगामातला एकच होम रन, आणि नाटकातल्या नटासारखा वन्समोअर! बाबा म्हणाले, "लग्न झाल्यासारखं करतायत." खरं तर ती काळजी होती. २००४ मध्ये ८६ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपवून रेड सॉक्स जिंकले, त्यात यांकीजविरुद्धचे दोन सामने एकट्या ऑर्टिझच्या शेवटच्या फटक्यावर फिरले होते. अशा माणसाला म्हातारा होताना बघणं शहराला जड जात होतं.

मेच्या अखेरीस फ्रँकोनाने त्याला बॅटिंगच्या क्रमात तिसऱ्यावरून सहाव्यावर आणलं. बातम्यांत केवढा गहजब! बेसबॉलमध्ये नऊ बॅटर ठरल्या क्रमाने आळीपाळीने येतच राहतात, डाव संपत नाही. त्यामुळे वरच्या क्रमांकाला जास्त वेळा संधी मिळते, पण फरक किती? तिसऱ्यावरून सहावा केलात तर अख्ख्या १६२ सामन्यांत पन्नासेक खेळ्या कमी. तीन सामन्यांत एक. म्हणजे रनांच्या हिशेबात किरकोळ, मानापमानाच्या हिशेबात मोठं. मला वाटतं फ्रँकोनाची खरी हुशारी इथेच होती: चाहत्यांना शिक्षा दिसली, ऑर्टिझची रोजची बॅटिंग चालू राहिली.

आता दुसरा वाद. पिचर म्हणजे बॉलर, पण असा बॉलर जो सामन्यातली बरीचशी षटकं सलग एकटाच टाकतो. सुरुवात करतो तो स्टार्टर. त्याचा दिवसाचा हिशेब साधारण शंभर चेंडूंचा, म्हणजे सतरा षटकं सलग, आणि प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने. तो दमला की मैदानाबाहेरच्या बुलपेनमधून दुसरे येतात आणि एकेक-दोनदोन इनिंग उरकतात. शंभर चेंडूंनंतर खांदा आणि कोपर इतकं सुजतं की चार दिवस विश्रांती लागते. सामने मात्र जवळजवळ रोज. म्हणून पाच स्टार्टर पाळीपाळीने. सोमवारी जो टाकतो तो पुन्हा शनिवारी. या चक्राला रोटेशन म्हणतात. प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात ३२-३३ सामने येतात.

"ओपनिंग बॉलर रोज वेगळा!" बाबांना हे फार गमतीशीर वाटलं. त्यांनी कॅलेंडरवर, आई दुधाचे खाडे लिहायची त्या जुन्या सवयीने, पिचरची आद्याक्षरं लिहायला सुरुवात केली. बे, ले, वे, पे, मा. बेकेट, लेस्टर, वेकफील्ड, पेनी, मात्सुझाका.

पिचर मोजायचा ईआरए या आकड्याने: नऊ इनिंग टाकल्या असत्या तर त्याच्या खात्यावर किती रन गेले असते. कमी तेवढा चांगला. त्या वर्षी अमेरिकन लीगची सरासरी साडेचारच्या आसपास होती. तीनच्या आत आला तर राजा, सहाच्या वर गेला की कुजबुज सुरू.

मार्चमध्ये लोक म्हणत होते की रेड सॉक्सकडे स्टार्टर फार झालेत. पाच हे, शिवाय खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरणारा ४१ वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ, शिवाय तरुण जस्टिन मास्टरसन, शिवाय धाकट्या संघात पॉटकेटला खितपत पडलेला क्ले बकहोल्झ, ज्याने २००७ मध्ये मोठ्या संघातल्या दुसऱ्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही फटका मारू दिला नव्हता. आठ जण, जागा पाच. कोणाला काढायचं? जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन काढतच नव्हता कोणाला. पिचर म्हणजे पावसाळ्यातल्या छत्र्या. घरात आठ असल्या तरी नेमक्या पावसाच्या दिवशी धड एकच निघते.

झालंही तसंच. मात्सुझाकासाठी रेड सॉक्सने त्याच्या जपानी संघाला नुसती बोली म्हणून पाच कोटी अकरा लाख डॉलर मोजले होते, त्याचा पगार वेगळा. २००८ मध्ये तो १८ सामने जिंकला, हरला फक्त तीन. मार्च २००९ मध्ये त्याने जपानला वर्ल्ड बेसबॉल क्लासिक जिंकून दिलं, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि दमलेला खांदा घेऊन बॉस्टनला आला. एप्रिलमध्ये ओकलंडला एका इनिंगमध्ये पाच रन देऊन जायबंदी यादीत. परत आला, पुन्हा गेला. जपानमध्ये पिचर सरावातही भरपूर चेंडू टाकून हात घडवतात. अमेरिकेत चेंडू मोजून मोजून हात जपतात. जुलैमध्ये त्याने जपानी पत्रकाराजवळ या अमेरिकन पद्धतीवर नाराजी बोलून दाखवली आणि बॉस्टनमध्ये आणखी एक वाद पेटला. यात कोण बरोबर, हे कोपरातल्या त्या एका नाजूक अस्थिबंधालाच ठाऊक. तो तुटला की वर्षभर घरी.

टिम वेकफील्डचं मात्र वेगळंच. ४२ वर्षांचा, आणि चेंडूचा वेग ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटर. नकलबॉल टाकायचा. बोटांच्या टोकांनी धरून असा सोडायचा की चेंडू जवळजवळ फिरतच नाही. मग हवा त्याच्या शिवणीवर जशी आदळेल तसा तो डुगडुगत येतो. कुठे जाईल ते बॅटरला कळत नाही, पकडणाऱ्याला कळत नाही, वेकफील्डलाही नाही. बाबांना तो जाम आवडला. "आमच्या चंद्राचा भाऊ," म्हणाले, चंद्रशेखरची आठवण. त्या जुलैत वेकफील्ड पहिल्यांदाच ऑल-स्टार संघात निवडला गेला. नंतर पाठ धरली आणि तोही बाहेर.

आणि जॉश बेकेट, संघाचा पहिला नंबर, त्याचा ईआरए मेच्या सुरुवातीला सातच्या वर होता. लेस्टरही मेमध्ये मार खात होता. लोक त्यांच्याबद्दलही बोलत होते, पण ऑर्टिझइतकं नाही. का? बेकेट पाच दिवसांतून एकदा दिसायचा आणि ऑर्टिझ रोज. रोज दिसणारं अपयश पाचपट मोठं वाटतं, एवढंच. हंगाम संपला तेव्हा बेकेटचा ईआरए होता ३.८६, लेस्टरचा ३.४१. दोघांनी मिळून ३२ सामने जिंकले.

मला सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं ते स्मोल्ट्झपाशी. ॲटलांटामध्ये वीस वर्षं काढलेला, १९९६ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवलेला माणूस. रेड सॉक्सने त्याला एका वर्षाच्या करारावर स्वस्तात आणलं. जूनच्या शेवटी तो उतरला. आठ सामने खेळला. २ विजय, ५ पराभव, ईआरए ८.३२. ६ ऑगस्टला यांकी स्टेडियममध्ये साडेतीन इनिंगही पुऱ्या झाल्या नाहीत आणि त्याच्या खात्यावर आठ रन लागले. डावखुरे बॅटर त्याला अक्षरशः धुत होते. दुसऱ्या दिवशी रेड सॉक्सने त्याला यादीतून काढलं.

बरोबरच केलं, सगळे म्हणाले. बाबाही. आता त्या कार्लटनच्या तक्त्याची आठवण ठेवून त्याच ४० इनिंगकडे बघा. स्ट्राइकआउट ३३, वॉक, म्हणजे चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट दिलेले बेस, फक्त ९. म्हणजे जे आकडे लवकर खरे बोलतात ते सांगत होते की हात अजून जिवंत आहे. चेंडू मैदानात गेला की मात्र तो नेमका दोन फिल्डरांच्या मधे पडत होता, पुन्हा पुन्हा, आणि त्यावर पिचरचा ताबा फार थोडा. होम रनही आठ दिले होते, ते मात्र त्याच्याच पदरात घालायला हवेत.

सेंट लुईसने त्याला उचललं. २३ ऑगस्टला सॅन दिएगोमध्ये पाच इनिंग, शून्य रन, ९ स्ट्राइकआउट, त्यातले सात सलग. पुढे त्याचा तिथला ईआरए ४.२६ राहिला. म्हणजे पूर्वीचा स्मोल्ट्झ नाही, पण ८.३२वालाही नाही. ब्रॅड पेनीचं तर आणखीच. बॉस्टनमध्ये ५.६१, ऑगस्टच्या अखेरीस सोडून दिला. सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि सहा सामन्यांत २.५९. काही प्रमाणात लीग बदलली, त्या लीगमध्ये तेव्हा पिचरलाच बॅटिंग करावी लागायची, मैदान मोठं, हे सगळं खरं. तरीही.

एकाच उन्हाळ्यात, एकाच ऑफिसात बसून, एपस्टीन आणि फ्रँकोनाने बिघडलेल्या बॅटरला दोन महिने दिले आणि बिघडलेल्या पिचरला आठ सामने. विसंगत वाटतं ना? बाबांनी नेमकं हेच विचारलं. माझं मत असं की विसंगत नव्हतं. ऑर्टिझला सहाव्या क्रमांकावर ठेवून वाट बघण्याची किंमत होती सामन्यामागे रनाचा एखादा तुकडा. स्टार्टर बिघडला की त्याचा प्रत्येक पाचवा सामना पहिल्या तासातच जातो, शिवाय बुलपेन दमून पुढचे दोन दिवसही बिघडतात. त्यात मागे बकहोल्झ तयार होता. ऑर्टिझच्या मागे तसा डीएच नव्हता. ३१ जुलैला मास्टरसनला क्लीव्हलँडला देऊन व्हिक्टर मार्टिनेझ आणला तो मुख्यतः कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर, म्हणून. वाट बघणं प्रत्येक ठिकाणी सारखं स्वस्त नसतं. आणि एका वर्षाच्या करारावरचा वृद्ध पाहुणा वेगळा, घरचा माणूस वेगळा, हेही होतंच. ते कोणी बोलून दाखवत नाही.

छत्र्यांचं काय झालं? ऑगस्टमध्ये बाबांच्या कॅलेंडरवर अशी अक्षरं दिसू लागली जी मार्चमध्ये कोणाच्या स्वप्नातही नव्हती. ता म्हणजे जुनिची ताझावा, धाकट्या संघातून आलेला तेवीस वर्षांचा पोरगा. बर्ड म्हणजे पॉल बर्ड, जो तोवर घरी बसून होता. त्याला बोलावलं आणि त्याने टोरांटोला सहा इनिंगमध्ये एकही रन दिला नाही. आठ स्टार्टर 'फार झाले' म्हणणारे तेव्हा कुठे होते कोण जाणे.

ऑर्टिझ जूनमध्ये सुटला. मे अखेरीस एक होम रन असलेल्या माणसाने हंगाम २८ वर संपवला. उरलेले २७ चार महिन्यांत. ९९ रन त्याने घरी आणले. सरासरी मात्र ०.२३८ वरच अडकली, एप्रिल-मेचा खड्डा भरला नाही. रेड सॉक्स ९५ सामने जिंकून बाद फेरीत गेले आणि त्याच एंजल्सकडून तीन-शून्य असे बाहेर पडले. तेव्हा आई-बाबांच्या बॅगा भरणं चालू होतं.

उलटं उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर मी फक्त सोयीचं सांगितलं असं होईल. बॉल्टिमोरचा ख्रिस डेव्हिस. २०१३ मध्ये ५३ होम रन. २०१६ मध्ये सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार. मग घसरण, आणि तीही अशी: २०१८ मध्ये सरासरी ०.१६८, पूर्ण हंगाम खेळलेल्या कुठल्याही बॅटरची आजवरची सर्वांत कमी. त्या सप्टेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत सलग ५४ संधींत शून्य, हाही विक्रम. तो तुटला १३ एप्रिल २०१९ रोजी, फेनवे पार्कमध्येच. तिथेही वाट बघितली होती, वर्षानुवर्षं. तो परत आला नाही. २०२१ मध्ये निवृत्त झाला. फरक आधी दिसत होता का? थोडासा. डेव्हिस २०१६ मध्येच २१९ वेळा स्ट्राइकआउट झाला होता, आणि तो आकडा, आठवतंय ना, लवकर खरं बोलतो.

एप्रिल २०१० मध्ये ऑर्टिझ पुन्हा ढेपाळला. महिनाभरात एक होम रन, सरासरी ०.१४३. टोरांटोत तर बेस भरलेले असताना फ्रँकोनाने त्याला परत बोलावून माइक लोवेलला पाठवलं. बॉस्टनमध्ये पुन्हा तीच भुणभुण: आता मात्र नक्की संपला. मीसुद्धा हळूहळू त्या बाजूला झुकलो होतो. रविवारी सांगलीला फोन लावला तर बाबांनी तब्येती वगैरे उरकल्यावर विचारलं, "आपला जाडा काय म्हणतोय?"

"काही खरं नाही बाबा. एकशे त्रेचाळीस. होम रन एकच."

पलीकडे जरा वेळ शांतता. कॅलेंडर बघत असावेत.

"अरे, पण आज तारीख काय आहे?"